फाइली वाटताना कोणता फॉरमॅट निवडावा: झिप, आरएआर की सेव्हन-झेड?

पुस्तिका, व्याख्यानांचे ऑडिओ, अभ्यासवर्गाची टिपणे, कार्यक्रमांचे फोटो असे साहित्य आपले कार्यकर्ते डाउनलोडसाठी ठेवत असतात. अनेक फाइली एका गठ्ठ्यात बांधून त्यांचा आकार कमी केला की आर्काइव्ह तयार होते. त्याचा फॉरमॅट ठरवताना आम्ही एकच प्रश्न आधी विचारतो: घेणाऱ्याकडे काय आहे? अनेकांकडे साधा फोन आणि मोजका डेटा एवढेच असते. डाउनलोड होऊनही फाइल उघडली नाही, तर त्यांचा डेटा वाया जातो आणि साहित्यही पोहोचत नाही.

झिप

अमेरिकेच्या फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये हा फॉरमॅट आणला. विंडोज, मॅक आणि आजच्या बहुतेक फोनवर तो वेगळे सॉफ्टवेअर न घेता उघडतो. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे आवळली जात असल्याने हवी ती एकच फाइल बाहेर काढता येते. सर्वांसाठीच्या साहित्याला आम्ही झिपच सुचवतो.

आरएआर

रशियाच्या युजीन रोशाल यांचा हा फॉरमॅट १९९३ चा. उघडण्याची साधने मोफत मिळतात, पण तयार करण्यासाठी लागणारे विनरार विकतचे आहे. सार्वजनिक वाटपासाठी त्याची गरज सहसा पडत नाही.

सेव्हन-झेड

इगोर पाव्हलोव यांचे सेव्हन-झिप मोफत आणि मुक्तस्रोत आहे. मजकुराच्या फाइली त्यात झिपपेक्षा बऱ्याचदा लहान होतात. मात्र फोनवर अनेकदा वेगळे ॲप लागते. संगणक वापरणाऱ्या ओळखीच्या गटासाठी आणि जुन्या दस्तऐवजांच्या साठ्यासाठी तो चांगला.

टार-जीझेड

टार फक्त गठ्ठा बांधते, आकार कमी करते ते जीझिप. लिनक्सवर काम करणाऱ्यांना हा सोयीचा.

आर्काइव्ह केव्हा करू नये

जेपेग फोटो, एमपीथ्री आणि एमपीफोर आधीच आवळलेले असतात. स्कॅन केलेल्या पीडीएफचेही बहुधा तसेच. त्यांची झिप केल्याने जागा जवळजवळ वाचत नाही. एकच पीडीएफ असेल तर ती तशीच द्यावी. खरी बचत मूळ फाइलमध्ये होते. एक तासाचे व्याख्यान १२८ केबीपीएसवर सुमारे ५८ एमबी होते, तेच ३२ केबीपीएस मोनोमध्ये सुमारे १४ एमबी. नुसत्या बोलण्यासाठी एवढा दर बहुधा पुरतो.

वाटण्यापूर्वी

- जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी फाइलनावांची अक्षरे बिघडू शकतात. नावे रोमन अक्षरांत, क्रमांकासह द्यावीत.
- लिंकशेजारी आकार आणि फॉरमॅट लिहावा.
- मोठ्या फाइलचे भाग विषयानुसार करावेत. नको असलेले कोणालाही उतरवावे लागू नये.
- एसएचए-२५६ ची खूण सोबत दिल्यास फाइल अर्धवट उतरली किंवा बदलली गेली का, ते तपासता येते.

गोपनीय कागद

अत्याचारग्रस्तांचे जबाब किंवा सभासदांच्या याद्या सार्वजनिक लिंकवर कधीच ठेवू नयेत. झिपचे जुने पासवर्ड-संरक्षण कमकुवत आहे आणि नेहमीच्या झिपमध्ये फाइलनावे पासवर्डशिवायही दिसतात. साक्षीदाराचे नाव फाइलनावातूनच फुटू शकते. अशा वेळी सेव्हन-झेडमध्ये एईएस-२५६ वापरावे, फाइलनावे लपवण्याचा पर्याय निवडावा, पासवर्ड मोठा ठेवावा आणि तो फाइलसोबत न पाठवता वेगळ्या मार्गाने कळवावा.