पाटी, पेन्सिल आणि आत्याबाईंचा चेहरा

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या अंधेरीच्या घरात पाटीवरून वाद निघाला. आमच्याकडे पाटीपूजनाला अजूनही जुनी दगडी पाटी काढतात आणि तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखाटतात. नातू म्हणाला, ‘आजोबा, यंदा एक नवी पाटीही पूजेला ठेवू या. छोटा टॅब्लेट. आत्याआजींचा फोटो मी त्याच्यावर दुरुस्त करणार आहे.’ टॅब्लेट म्हटले की आमच्या पिढीला आधी डोकेदुखीवरची गोळी आठवते. परंतु त्याला हवी होती ती खरोखरच पाटी. सपाट, काळी, आणि जोडीला पेन्सिलीसारखी एक लेखणी. मोठी घ्यावी की छोटी, पडद्याची की बिनपडद्याची, एवढाच प्रश्न होता. असल्या खरेदीत आमचे मत सहसा कोणी विचारीत नाही; पण फोटो आमच्या आत्याबाईंचा होता, म्हणून या वेळी विचारले. आणि मत द्यायचे तर आधी इतिहास पाहावा, ही आमची जुनी खोड.

फोटोत फेरफार करणे हे संगणकाने आणलेले खूळ आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. छायाचित्रणाची विद्या १८३९ साली जगापुढे आली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापनही झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे दोघेही तिचे सभासद. नारायण दाजी तर स्वतः छायाचित्रे काढीत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग निघाला.

याच सुमारास मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज छायाचित्रकार होता. मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे त्याचे पुस्तक १८६३ आणि १८६६ साली दोन भागांत प्रसिद्ध झाले. त्यातली माणसे उघड्यावर उभी दिसतात आणि त्यांच्या मागे शहरातला एखादा देखावा दिसतो. प्रत्यक्षात माणसांचे फोटो निराळे घेतलेले, देखाव्यांचे निराळे, आणि नंतर दोहोंचे जोडकाम केलेले! माणसाला त्याच्या जागेवरून उचलून भलतीकडे उभे करण्याचा हा उद्योग आपल्या मुंबईच्या चित्रांत फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षे आधी होऊन गेला आहे.

पण सामान्य माणसाला देखाव्याची एवढी मातब्बरी नव्हती. त्याला काळजी चेहऱ्याची. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात म्यूनिकच्या फ्रान्झ हान्फ्श्टेंगलने एकाच चेहऱ्याच्या दोन प्रती मांडल्या. एक जशीच्या तशी, दुसरी निगेटिव्हवर हात फिरवून काढलेली. लोक थक्क झाले. आणि थोड्याच वर्षांत फोटो काढून घेणारे गिऱ्हाईक दुसऱ्याच प्रतीची मागणी करू लागले.

हा हात फिरवायचा कसा, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण नातवाच्या नव्या पाटीत तोच जुना धंदा दडलेला आहे. रिटचिंग करणाराचे एक लाकडी डेस्क असे. त्यात तिरपी काच बसवलेली, खाली उजेड वर फेकणारा आरसा आणि वर बाजूचा प्रकाश अडवणारे झाकण. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, तिच्यावर राळ आणि टर्पेंटाइनचे पातळ लेपन द्यायचे, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागावर शिसे धरते. मग सुईसारखे लांब टोक काढलेली कडक पेन्सिल घेऊन काम सुरू. निगेटिव्हचा न्याय उलटा असतो. चेहऱ्यावर जिथे सावली, तिथे निगेटिव्ह मोकळी; जिथे उजेड, तिथे काळी. तेव्हा सुरकुतीचा काळेपणा घालवायचा तर निगेटिव्हवर तिथे काळे भरायचे. पेन्सिलीचे काम टर्पेंटाइनने पुसून पुन्हा करता येई. पण चाकूने थर खरवडला की तो गेला तो गेलाच.

अशाच एका डेस्कावर आमच्या आत्याबाईंचा चेहरा १९४३ साली बदलला. त्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. देवीची लस मुंबईत १८०२ सालीच आली होती आणि हिंदुस्थानातली पहिली लस याच शहरात ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली होती. तरी सव्वाशे वर्षांनंतरही ती आत्याबाईंच्या गावी वेळेवर पोहोचली नाही. चेहऱ्यावर वण राहिले. लग्नासाठी मुलीचा फोटो पाठवायचा म्हणून आजोबा त्यांना एका स्टुडिओत घेऊन गेले. देवीचा वण म्हणजे खळगा. त्यात सावली पडते. निगेटिव्हवर त्याचा मोकळा ठिपका उमटतो. रिटचिंगवाल्याने एकेक ठिपका शिशाने भरून टाकला. त्याने आपले काम इमानाने केले. फोटो इतका सुरेख आला की दोन ठिकाणांहून ताबडतोब बोलावणे आले, आणि दोन्ही ठिकाणी मुलगी प्रत्यक्ष पाहिल्यावर ‘फोटोतली मुलगी निराळी’ असे सांगून मंडळी उठली. तिसऱ्या वेळी आत्याबाईंनीच नकार दिला. त्या ट्रेनिंग कॉलेजात गेल्या, मास्तरीणबाई झाल्या आणि पुढे आम्हा भावंडांना त्यांनी वाढवले. तो फोटो मात्र घरात राहिला. सुंदर होता ना!

रिटचिंगची ही कला पुढे ओसरली, आणि त्याला कारण झाला आकार. १९२५ साली लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला. त्याची निगेटिव्ह अवघी चोवीस बाय छत्तीस मिलिमीटरची. वीतभर काचेवर गालाचा खळगा पेन्सिलीने भरता येतो. नखाएवढ्या चेहऱ्यावर पेन्सिल टेकवणार कुठे? म्हणून अशा फोटोंत हात फिरवायचे काम मोठी प्रत छापल्यावर कागदावरच करू लागले. जुन्या कारागिराची सगळी अडचण अशी की, चित्र जेवढे, तेवढ्यातच त्याला काम करावे लागे. हे लक्षात ठेवावे; छोट्या पाटीचा निकाल यातच आहे.

अंधेरीकरांना तर ही कला परकी नाही. विजय भट आणि शंकर भट या बंधूंच्या प्रकाश पिक्चर्सचा स्टुडिओ इथेच होता. त्यांच्या १९३७ सालच्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये अदृश्य माणसाची गोष्ट होती. माणूस दिसत नाही आणि वस्तू मात्र हवेत हलतात, हे दाखवायचे कसे? बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्यांनी वस्तू हलवल्या. दोरा दिसेना, आणि मिस्त्रींना ‘काला धागा’ हेच नाव पडले. याच प्रकाशच्या ‘रामराज्य’चा खेळ १९४४ साली जुहूला महात्मा गांधींनी पाहिला. दिसते ते कसे लपवावे आणि नसलेले कसे दाखवावे, याची शाळा आमच्या गावात अशी जुनी आहे. फरक एवढाच की, सिनेमाच्या प्रेक्षकाला आपण फसवून घ्यायला आलो आहोत हे ठाऊक असते.

आता पाटीकडे वळू. लेखणीने लिहावे आणि यंत्राला ते कळावे, ही खटपट जुनी. अमेरिकेत एलिशा ग्रे याने १८८८ साली हस्ताक्षर तारेने दूर पाठवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. संगणकाची खरी पाटी १९६४ साली रँड या अमेरिकन संस्थेने केली. ती दहा इंच लांब, दहा इंच रुंद. आत बारीक तारांची जाळी. पृष्ठभागावरचे दहा लाख बिंदू तिला ओळखता येत. किंमत अठरा हजार डॉलर! पुढे १९८३ साली जपानात वॅकॉम कंपनी निघाली, आणि तिने तार नसलेली, आत बॅटरीही नसलेली लेखणी आणली. पाटीखालच्या तारांतून निघणाऱ्या चुंबकीय लहरींवरच ती लेखणी चालते. १९९० साली थॉमस आणि जॉन नॉल या भावांचे फोटोशॉप बाजारात आले, आणि १९९४ साली त्यात थरांची सोय झाली. म्हणजे मूळ फोटो खाली तसाच ठेवून दुरुस्ती वरच्या पारदर्शक थरावर करायची. चाकूने खरवडलेले परत येत नसे. थर मात्र केव्हाही काढून टाकता येतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला मोठा शोध हाच.

मग पाटी कोणती घ्यावी? पडद्याची पाटी दिसायला झोकदार, हात आणि चित्र एकाच जागी; पण महाग, आणि घरी संगणक असताना वर्षातून चार फोटोंसाठी तिची गरज नाही. बिनपडद्याच्या पाटीवर हात टेबलावर आणि डोळे समोर. आठवडाभर चुकल्यासारखे वाटते, नंतर सवय होते. तिची गंमत अशी की, पाटीचा कोपरा तोच पडद्याचा कोपरा. म्हणून तिची लांबीरुंदी पडद्याच्या प्रमाणात असावी, नाहीतर काढलेला गोल अंड्यासारखा होतो. मोठ्या पाटीवर सारा हात फिरवावा लागतो; चित्रकाराला ते हवेच असते. पोस्टकार्डाएवढ्या पाटीवर मनगट हलवले की पुरते. आणि बारीक काम? ते पडद्यावर चित्र मोठे करून करायचे. जुन्या कारागिराला नखाएवढा चेहरा वाढवता येत नव्हता. आता खळगा बशीएवढा करून पाहता येतो. दाबाच्या पायऱ्या हजारांत मोजून दाखवतात, पण हलका हात आणि जड हात यांतला फरक लेखणीने ओळखला की घरच्या कामाला बास. छोटी, बिनपडद्याची घ्या, असे मी सांगितले. ती दसऱ्याला आली आणि दगडी पाटीशेजारी तिच्यावरही हळदकुंकू पडले. थोडेच, तिला बेताने पुसून घेतले.

मग आत्याबाईंचा फोटो निघाला, आणि तो भिंतीवरचा नव्हे. ट्रंकेत एक कच्ची प्रत सापडली होती. रिटचिंगच्या आधी पसंतीसाठी स्टुडिओने दिलेली. ती पिवळी पडलेली, बुरशीच्या डागांनी भरलेली. नातवाने डावा गाल मोठा केला. नऊ काळे ठिपके. तो म्हणाला, ‘आजोबा, सगळेच काढून टाकू का? छान दिसतील.’

मी म्हटले, थांब. बुरशीचा डाग सपाट असतो. खळग्याला एका कडेला सावली आणि दुसऱ्या कडेला उजेड असतो. नीट पाहा. पण खरे सांगायचे तर मला प्रकाशाचे शास्त्र लागत नव्हते. लहानपणी आत्याबाईंच्या मांडीवर बसून ते वण मी बोटाने मोजले होते. कपाळावर चार आणि डाव्या गालावर सात. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आता असा चेहरा रस्त्यात दिसत नाही, आणि आत्याबाईंचे वण आठवणारा घरात मी एकटाच उरलो आहे. हे सातही पुसले असते तर तक्रार करायला कोणी राहिले नसते.

नातवाने दोन पुसले.

या दिवाळीत दोन्ही फोटो भिंतीवर शेजारी शेजारी लावले आहेत. फराळाला येणारी मंडळी विचारतात, ‘या दोघी बहिणी का?’ नाही म्हटले की चहा थंड होईपर्यंत सगळा इतिहास सांगावा लागतो.