चेक इंजिन लाइट लागली? मोबाईलवर ओळखा गाडीचं मिक्श्चर लीन आहे की रिच

आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपण मोबाईलचा वापर करून पेट्रोल गाडीच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडलंय का, हे कसं तपासायचं ते बघणार आहोत. यासाठी तुम्ही मेकॅनिक असायची गरज नाही. एक छोटं अडॅप्टर, एक ॲप आणि थोडा संयम एवढं पुरे.

हे सगळं मी शिकलो ते आमच्या मामामुळे. मामाची जुनी पेट्रोल गाडी घुग्घुस ते चंद्रपूर भाड्याने चालते. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस फोन आला, "अबे, गाडी उचलूनच नाई रायली. सिग्नलवर थरथर करते अन् पिवळा लाइट लागला." मिस्त्रीने मशीन लावलं, कोड आला पी०१७१. "ऑक्सिजन सेन्सर गेला," म्हणाला. साडेचार हजार गेले. तिसऱ्या दिवशी लाइट परत लागली! गाडी उभी म्हणजे भाडं बंद, आणि हप्ता तर चालूच.

लीन आणि रिच म्हणजे काय?

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त किंवा पेट्रोल कमी झालं तर मिक्श्चर लीन. पेट्रोल जास्त किंवा हवा कमी झाली तर रिच.

लीनची लक्षणं: पिकअप कमी, झटके, आयडलला थरथर, स्पार्क प्लग पांढरट.

रिचची लक्षणं: काळा धूर, पेट्रोलचा वास, मायलेज कमी, प्लगवर कोरडी काळी काजळी.

दोन्ही वाईटच. लीन मिक्श्चरवर लोड आला की इंजिनात नॉकिंग होऊ शकतं. रिच जास्त दिवस चाललं तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होतं. आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेलं तर तो तापून खराब होतो. हा पार्ट चांगलाच महाग असतो. म्हणून चेक इंजिन लाइट लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या, ओढत नेऊ नका.

फ्युएल ट्रिम: हा आकडा समजला की अर्धं काम झालं

आई कणिक मळताना बघा. पाणी कमी वाटलं की थोडं टाकते, जास्त झालं की पीठ वाढवते. गाडीचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून पेट्रोलच्या बाबतीत हेच करतो.

- शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम: आत्ता या क्षणी किती टक्के कमी-जास्त करतोय.
- लाँग टर्म फ्युएल ट्रिम: "या गाडीला रोजच एवढं जास्त लागतं" ही लागलेली सवय.

दोन्हींची बेरीज करा. बेरीज प्लसमध्ये म्हणजे ईसीयूला मिक्श्चर लीन दिसतंय आणि तो पेट्रोल वाढवतोय. मायनसमध्ये म्हणजे रिच दिसतंय, तो कमी करतोय. साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नको. २० च्या पुढे गेली की कोड यायची शक्यता वाढते. पी०१७१ म्हणजे लीन, पी०१७२ म्हणजे रिच.

इथेच मामाचे पैसे गेले. पी०१७१ म्हणजे "सेन्सर खराब" असं नाही. सेन्सर बिचारा खरी तक्रार सांगत होता, आणि आपण तक्रार सांगणाऱ्यालाच बदलून टाकलं.

काय लागेल?

ईएलएम३२७ प्रकारचं ब्लूटूथ अडॅप्टर आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप. आयफोन असेल तर अडॅप्टर ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवालं आहे ना, ते बघूनच घ्या. २०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं पोर्ट असतं, त्यात ते बसतं. काम झालं की काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरू शकते.

चला तर मग, स्टेप बाय स्टेप

१. कोड वाचा आणि स्क्रीनशॉट घ्या. लगेच क्लिअर करू नका. कोडसोबत त्या वेळची फ्रीझ फ्रेम माहितीही पुसली जाते.

२. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, एसी बंद ठेवा. ॲपमध्ये कूलंटचं तापमान बघा. अर्धा तास चालवूनही ते ४०-५० वरच अडकलं असेल तर सेन्सर किंवा थर्मोस्टॅट बघा. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू जास्त पेट्रोल देतो.

३. आयडलला दोन्ही ट्रिमची बेरीज लिहा.

४. न्यूट्रल, हँडब्रेक लावून २५०० आरपीएमवर एक मिनिट धरा. परत लिहा.

५. रस्त्यावर चढावर किंवा लोडवर बघा. मोबाईल शेजारी बसलेल्याच्या हातात द्या, गाडी चालवताना स्वतः बघू नका.

आकडे काय सांगतात?

- आयडलला खूप प्लस, २५०० वर कमी: कुठूनतरी चोरून हवा येतेय. फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा गेलेलं गॅस्केट.
- आयडलला ठीक, लोडवर प्लस वाढतो: पेट्रोल पुरत नाही. फिल्टर, पंप बघा. एमएएफ सेन्सर घाण झाला तरी असंच दिसतं.
- सगळीकडे मायनस: गळणारा इंजेक्टर, जास्त फ्युएल प्रेशर किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा आला तर संशय पक्का.
- प्लस आहे आणि इंजिनजवळ फटफट आवाज येतो: सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक असू शकतो. बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो.

एक लक्षात ठेवा. पहिली खूण एमएएफ सेन्सरवाल्या गाडीत स्पष्ट दिसते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एमएपी सेन्सर असतो. त्यात हवा लीक झाली तर ट्रिमपेक्षा आयडलचा आरपीएम चढलेला दिसतो.

सीएनजी गाडी असेल तर दोन्ही इंधनांवर वेगवेगळं तपासा. फक्त पेट्रोलवरच लीन असेल तर दोष पेट्रोलच्या लाइनमध्ये शोधा.

ई२० पेट्रोलचं काय?

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे ई२० ला हवेचं प्रमाण साधारण १३.५ लागतं, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त. जुन्या गाडीत ट्रिम ४ ते ८ टक्के प्लस दिसला तर घाबरू नका. पण २० टक्के प्लसचा दोष ई२० वर टाकून मोकळं होऊ नका.

घुग्घुसची धूळ आणि माझी चूक

आमच्याकडे कोळशाच्या खाणी, सिमेंट आणि स्पाँज आयर्न, वरून ट्रकांची रांग. त्यामुळे मी आधी छाती ठोकून सांगितलं होतं, "मामा, एअर फिल्टर चोंदलाय." चूक होती. कार्ब्युरेटरच्या जमान्यात चोंदलेल्या फिल्टरने मिक्श्चर रिच व्हायचं. इंजेक्शनवाल्या गाडीत ईसीयू आलेली हवा मोजूनच पेट्रोल देतो, त्यामुळे ताकद कमी होते पण ट्रिम फारसा हलत नाही. धुळीचा खरा धोका वेगळा. फिल्टरचं झाकण नीट बसलं नाही तर धूळ एमएएफच्या बारीक तारेवर बसते आणि सेन्सर हवा चुकीची मोजतो. तो कपड्याने पुसू नका, त्यासाठीचा स्प्रेच वापरा. धुळीच्या भागासाठी गाडीच्या पुस्तकात फिल्टर लवकर बदलायचं वेगळं वेळापत्रक असतं, तेच पाळा.

मामाच्या गाडीचे आकडे होते आयडलला प्लस २१, २५०० वर प्लस ५. म्हणजे हवा लीक. स्प्रे बाटलीने वायरी सोडून फक्त रबरी पाइपांवर थोडं पाणी मारलं. एका जागी आवाज क्षणभर बदलला. पाइपच्या खालच्या बाजूला उन्हाने तडकलेली चीर होती, वरून दिसतच नव्हती. (काही जण इथे पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. गरम इंजिनवर आग लागू शकते, ते करू नका.)

पाइप १८० रुपयांचा. दुसऱ्या दिवशी बेरीज प्लस ६ वर आली आणि लाइट आजपर्यंत लागली नाही. मामा एवढंच म्हणाला, "पयले मोजाचं, मंग खर्च कराचा."

तर मित्रांनो, मिस्त्रीशी भांडायला जाऊ नका. हे तीन आकडे लिहून त्याच्यासमोर ठेवा, त्याचंही काम सोपं होतं. कुठलाही पार्ट बदलायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "भाऊ, आयडलला आणि २५०० वर ट्रिम किती आहे?" माहिती उपयोगी वाटली तर गाडीवर पोट असलेल्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा.