कामरेजच्या डोक्यावरचा कारंजा

आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये एक उपग्रह बनवायला घेतला. नाव ठेवले ‘प्रथम’. वजन जेमतेम दहा किलो. पण तो अवकाशात जायला 26 सप्टेंबर 2016 उजाडला. आरंभ करणारे तोवर पदव्या घेऊन बाहेर पडले होते. मागून आलेल्या तुकड्यांनी आधीच्यांच्या वह्या चाळत काम पुढे रेटले. इस्रोच्या पीएसएलव्ही-सी35 या अग्निबाणाच्या उड्डाणाची बातमी छापून आली, अभिनंदने झाली. या प्रकल्पाचा जमिनीवरचा अर्धा भाग मात्र फारसा कोणी पाहिला नाही, आणि तोच अधिक रंजक आहे.

‘प्रथम’ला मोजायचे होते ते वरच्या वातावरणातले इलेक्ट्रॉन. युक्ती अशी: उपग्रहाने हौशी रेडिओच्या पट्ट्यांतल्या दोन वारंवारतांवर लहरी सोडायच्या. इलेक्ट्रॉनांच्या थरातून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून येताना लहरीच्या कंपनाचे प्रतल फिरते. किती फिरले हे खाली एकमेकांना काटकोनात बसवलेल्या यागी अँटेनांवर कळते, आणि त्यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले याचा हिशेब लागतो. पण एकाच ठिकाणी ऐकून एकाच ठिकाणचा आकडा मिळणार. म्हणून पवईच्या, म्हणजे आयआयटी मुंबईच्या, मुलांनी इतर महाविद्यालयांना ग्राउंड स्टेशन उभारायला शिकवायचे, हे प्रकल्पाचे सामाजिक उद्दिष्टच ठरवून टाकले. ऐकणारे वाढतील तसा नकाशा भरत जाईल!

सुरत जिल्ह्यातले कामरेज इथे कुठे आले? नकाशावर पाहावे. पवईपासून सरळ रेषेत सुमारे 240 किलोमीटर उत्तरेला, तापीकाठी, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर. पवईवरून जाणारा उपग्रह त्याच फेरीत कामरेजलाही ऐकू येतो. शिवाय या भागाचे आकाश साधे नाही. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. केरळातल्या थुंब्याला 1963 मध्ये अग्निबाण तळ उभारला गेला तो त्याचसाठी. तिथे दिवसा इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उसळतात आणि चुंबकीय रेषांवरून घरंगळत उत्तरेला व दक्षिणेला उतरतात. उत्तरेकडची त्यांची दाटी गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात होते. सुरतेच्या एसव्हीएनआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी जीपीएसच्या लहरी वापरून या दाटीची मोजमापे केली, प्रसिद्धही केली. जीपीएसला चुकायला लावणारी ही दाटी कामरेजकरांच्या थेट डोक्यावर असते.

अनोळखी लोकांनी ऐकावे म्हणून उपग्रह सोडायचा, ही रीत मात्र जुनी. 1957 मध्ये स्पुटनिकची टिकटिक जगभरच्या हौशांनी घरच्या रिसीव्हरवर ऐकली. चार वर्षांनी, 12 डिसेंबर 1961 रोजी, कॅलिफोर्नियातल्या हौशांनी बनवलेला ऑस्कर-1 कक्षेत गेला. साडेचार किलोचा तो डबा मोर्समध्ये नुसते ‘हाय’ म्हणत राहिला, बॅटरी संपेपर्यंत, सुमारे तीन आठवडे. 28 देशांतल्या साडेपाचशेहून अधिक हौशांनी ऐकल्याची नोंद पाठवली.

भारताने 5 मे 2005 रोजी हौशी रेडिओवाल्यांसाठी हॅमसॅट सोडला. त्यावर लहरी झेलून पुन्हा खाली सोडणारे दोन ट्रान्सपाँडर होते: एक भारतीय, दुसरा नेदरलँड्सच्या एका हौशाने विद्यार्थी असताना बनवलेला. इस्रोच्या उपग्रहावर परदेशी विद्यार्थ्याचे यंत्र, आणि वापरायला मोकळे सगळ्या जगाला! 2014 पर्यंत हा उपग्रह चालला.

महाराष्ट्रातला दुसरा प्रयोग पुण्याचा. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी, म्हणजे ‘प्रथम’च्या तीन महिने आधी, कक्षेत पोहोचला. वजन एक किलोच्या आतबाहेर. आत लोहचुंबक बसवलेला, त्यामुळे विजेचा खर्च न करता तो होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहणार होता. एका हौशाचा निरोप घेऊन दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचा, हे त्याचे काम. 1 जानेवारी 2024 रोजी मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हॅम रेडिओ यंत्र ‘बिलिफसॅट-0’ पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावरच बसून फिरले. वेगळा उपग्रह सोडायचा खर्चही वाचला.

विद्यार्थी-उपग्रहाचे यश आपल्याकडे लोक उड्डाणाच्या दिवशीच मोजून मोकळे होतात. ते माप अपुरे आहे. किती गच्च्यांवर अँटेना चढल्या, किती मुलांना उपग्रहाच्या वेगामुळे, म्हणजे डॉप्लर परिणामाने, सरकणारी वारंवारता हाताने सांभाळता आली, हे विचारायला हवे. असा उपग्रह एका फेरीत साधारण दहा-बारा मिनिटे क्षितिजाच्या वर असतो. तेवढ्यात सापडला तर सापडला.

कामरेजच्या किंवा सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या खानदेशी घरातल्या एखाद्या मुलीला स्वतः निरोप पाठवायचा असेल, तर हौशी रेडिओचा परवाना लागतो. परीक्षा केंद्र सरकारची असते आणि वयाची अट बारा वर्षे पूर्ण, एवढीच आहे.