स्वेटरवाली आजी आणि माझा इतिहासाचा तास

परवा माझ्या भाचीच्या मुलीचा नागपूरहून फोन आला. ती समाजकार्याचं शिक्षण घेते आहे. म्हणाली, "आजी, मला गोठणगावच्या तिबेटी कॅम्पवर प्रकल्प करायचाय. छळ आणि युद्ध सोसलेल्या निर्वासितांचं समुपदेशन, असा विषय आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. तू पूर्वी गेली होतीस ना? चलशील माझ्याबरोबर?"

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विचार करून सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. तो विचारच इथे लिहिते आहे. तिने वाचावा, आणि तुम्हीही वाचा.

आमच्याकडच्या मंडळींना तिबेटी कॅम्प नवा नाही. पण पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना भंडाऱ्याच्या जंगलात तिबेटी लोक राहतात हे सांगितलं की खरं वाटत नाही. अड्याळहून पवनी, लाखांदूर करत अर्जुनी मोरगावकडे गेलं की नवेगावबांधच्या जंगलपट्ट्यात गोठणगाव-प्रतापगडजवळ ही वसाहत आहे. नाव नोरग्येलिंग. 1972 साली ती वसली तेव्हा तो सगळा भाग आमच्या भंडारा जिल्ह्यातच होता. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि कॅम्प तिकडे गेला. धानाची शेती आणि हिवाळ्यात स्वेटरचा धंदा, यावर त्यांचं चालत आलं. लुधियानाहून माल आणायचा आणि गावोगावी दुकान मांडायचं. आमच्या पिढीचं पहिलं विकतचं स्वेटर बहुतेक त्यांच्याकडचंच असायचं.

ही माणसं इथवर आली कशी, हे थोडक्यात सांगते. 1950 च्या ऑक्टोबरात चिनी सैन्य पूर्व तिबेटात शिरलं. 1956 पासून खाम भागात उठाव पेटला. 10 मार्च 1959 ला ल्हासात लोक रस्त्यावर आले, 17 मार्चच्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडलं आणि महिनाअखेर ते भारताच्या हद्दीत पोचले. त्यांच्यामागून सुमारे 80 हजार माणसं हिमालय ओलांडून आली. आसामात मिसामारीला आणि बंगालमध्ये बक्साला छावण्या उघडल्या. थंड हवेची सवय असलेली माणसं तिथल्या उकाड्याने आणि आजारांनी पटापट मेली. जी उरली त्यांतल्या हजारोंना हिमालयात रस्ते बांधायच्या कामावर पाठवलं. आईबाप खडी फोडत आणि मुलं रस्त्याच्या कडेला. अशाच कामावरून 51 मुलं मे 1960 मध्ये धरमशाळेला आणली गेली आणि दलाई लामांच्या थोरल्या बहिणीने, त्सेरिंग डोल्मा यांनी, त्यांना सांभाळलं. आजच्या तिबेटी बालग्रामाची ती सुरुवात. पुढे केंद्र आणि राज्य सरकारांच्या मदतीने कर्नाटकात बैलकुप्पे आणि नंतर इतर ठिकाणी वसाहती झाल्या. आपलं नोरग्येलिंग त्यांतलंच एक.

हे सगळं मी वर्गात शिकवत असे. आणि इथेच माझी चूक झाली.

1987 सालचा हिवाळा असावा. बाजाराच्या दिवशी एक तिबेटी आजी आणि तिची मुलगी स्वेटर घेऊन गावात यायच्या. आजीला हिंदी जेमतेम यायची, मुलगी फाडफाड बोलायची. माझ्या मनात आलं, पुस्तकातला इतिहास दारात चालत आलाय, तर पोरांना तो प्रत्यक्ष का ऐकवू नये? मी मुलीला गळ घातली. ती संकोचली, पण गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं, म्हणून तयार झाली असावी. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, मी त्यांचा मान करते आहे.

वर्गात पोरं सतरंजीवर ओळीने बसली होती. आजीला मी समोर उभं केलं आणि म्हटलं, "सांगा आजी, तुमच्यावर काय अत्याचार झाले? तुम्ही कशा पळालात?" मुलीने भाषांतर केलं. आजीने पोरांकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि कंबरेत वाकून तशीच उभी राहिली. हात थरथरत होते. मला वाटलं, लाजली. मी पुन्हा म्हटलं, "घाबरू नका, सगळी आपलीच मुलं आहेत." ती वर बघेना. शेवटी मुलगी म्हणाली, "बस, बहनजी," आणि तिला धरून घेऊन गेली. जाताना दारात एवढंच बोलली, "वहाँ भी ऐसे ही बिठाते थे सबको।"

त्या वाक्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी लागला. तिबेटात सत्ता बसवताना 'थामझिंग' नावाचा प्रकार सर्रास चालला. एका माणसाला समोर वाकवून उभं करायचं आणि सगळ्या गावाला जमिनीवर बसवायचं. मग नोकराने मालकावर, शेजाऱ्याने शेजाऱ्यावर, शिष्याने गुरूवर आरोप करायचे, थुंकायचं, मारायचं. जो गप्प राहील त्याच्यावरही संशय. मधल्या माणसाने 'कबूल' करेपर्यंत हे चालायचं, कधी एका दिवसाने संपायचं नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, 1966 नंतर, तर याला ऊतच आला. म्हणजे त्या आजीच्या बाबतीत 'चार लोकांसमोर उभं राहून सांग' हे शब्दच छळाचं हत्यार होते. आणि मी बाई, हातात खडू घेऊन, तेच शब्द बोलले होते.

हे कळल्यापासून मी या विषयावर जमेल तसं वाचत आले. युद्ध आणि छळाने मनावर होणाऱ्या जखमेला वैद्यकाच्या पुस्तकात आज वापरतात ते नाव अमेरिकेत 1980 साली मिळालं, तेही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. छळ सोसलेल्यांसाठी कोपनहेगनला इंगे गेनेफ्के या डॉक्टर बाईंनी 1982 मध्ये केंद्र सुरू केलं. 1992 साली ज्युडिथ हर्मन यांनी बरं होण्याचे तीन टप्पे मांडले. पहिला सुरक्षितता, दुसरा आठवणं आणि शोक करणं, तिसरा पुन्हा माणसांत मिसळणं. यातला क्रम महत्त्वाचा आहे. पायाखाली जमीन नसताना आठवणी उकरल्या तर माणूस पुन्हा त्याच कोठडीत जातो. छळात माणसाकडून सगळे निर्णय काढून घेतलेले असतात, म्हणून काय सांगायचं, किती सांगायचं, कधी थांबायचं हे ठरवण्याचा हक्क आधी त्याच्या हाती परत द्यायचा असतो. मी माझ्या तासाला हा क्रम पार उलटा केला होता.

असं पाहिलं की 1972 साली जंगल साफ करून धान पेरणारी ती माणसं समुपदेशनाचा पहिला टप्पाच पार करत होती असं वाटतं. शेत, घर, शाळा, गोम्पा आणि आपली बोली बोलणारा शेजारी. त्यांच्या वैद्यकात मनाच्या अशा दुखण्याला 'सोक-लुंग' म्हणतात, म्हणजे प्राणवायू बिघडणं. झोप उडते, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. आपल्या वाताचाच भाऊ म्हणा ना. त्यावर औषधी गोळ्या असतातच, पण वैद्य गरम, स्निग्ध जेवण आणि आवडत्या माणसांची सोबतही सांगतात. धरमशाळेत छळपीडितांसाठी निर्वासित सरकारच्या आरोग्य विभागाचा खास कार्यक्रमही चालत आला आहे. तिथेच राहून अभ्यास केलेल्या सारा लुईस या संशोधक बाईंनी 2019 च्या पुस्तकात लिहिलंय की पुष्कळ तिबेटी लोकांना भूतकाळ उगाळत बसणं हाच बरं होण्याचा मार्ग वाटत नाही. मन मोठं, मोकळं करावं, आपल्यासारखेच दुःखी इतरही आहेत हे आठवावं, असा त्यांचा कल.

पण म्हणून 'गप्प बसणंच बरं' असा निष्कर्षही मी काढणार नाही. पाल्देन ग्यात्सो नावाचे भिक्खू तीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात आणि श्रमछावण्यांत होते. 1992 साली सुटून ते भारतात आले, तेव्हा छळाची हत्यारं मिळवून सोबत घेऊन आले. 1995 मध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि 2018 मध्ये वारेपर्यंत ते बोलत राहिले. त्यांना बोलायचं होतं, म्हणून ते बोलले. वेळ त्यांची, जागा त्यांची. फरक आहे तो इथे.

आणि पहिला टप्पा तरी पुरा झालाय का? भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही. इथे जन्मलेल्या काहींना कायद्याने नागरिकत्व मिळतं, पण बाकी कितीतरी जणांना परकीय म्हणून नोंदणीचा दाखला वेळोवेळी नवा करून घ्यावा लागतो. जमीन मिळाली हे खरं, पण ती पायाखालून जाणार नाही याची खात्री ही वेगळी गोष्ट आहे.

2004 साली नवेगावबांधला सहलीला गेलो तेव्हा मी हट्टाने कॅम्पात गेले होते. रंगीत पताका, धानाचे बांध, गोम्पाभोवती माळ ओढत फिरणारी म्हातारी माणसं. शोधत शोधत त्या घरी पोचले. आजी होती, बरीच थकलेली. मुलीने मला ओळखलं, आजीने नाही. मिठाचा चहा दिला. मी माफी मागायचं ठरवून गेले होते. पण माफी मागायची तर कशाची, हे तिला आठवून द्यावं लागलं असतं. मी चहा प्यायले, तिच्याजवळ अर्धा तास बसले आणि उठले. निघताना तिने माझ्या स्वेटरची बाही हातात घेऊन वीण तपासली आणि मुलीला काहीतरी म्हणाली. मुलगी हसून म्हणाली, "आई विचारते, हे आमचं नाही ना?" नव्हतंच ते!

तर बेटा, मी तुझ्याबरोबर येते. पण आत्ता नको. थंडीत घरची कर्ती माणसं स्वेटर विकायला बाहेरगावी असतात आणि म्हातारी माणसं मागे असतात. त्यांना असं एकटं गाठू नये. लोसार, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, फेब्रुवारी-मार्चात येतं, त्यानंतर जाऊ. पहिल्या खेपेला वही आणि रेकॉर्डर घरी ठेव. चहा पी, मुलांशी खेळ, शेतात काय लावलंय ते विचार. कुणाला सांगावंसं वाटलं तर ते सांगतील, आणि मध्येच थांबले तर तूही थांब. प्रकल्पाला उशीर होईल, तुझे सर रागावतील. रागावले तर त्यांना माझं हे लिखाण दाखव.