जलसंजीवनी
जलसंजीवनी म्हणजे जुलाबात पाजायचे मीठ-साखरेचे पाणी. त्यातील साखर केवळ शक्तीसाठी नसते. तिचे खरे काम त्याहून मोठे आहे. आतड्याच्या पेशीपटलातील एक वाहक प्रथिन सोडियमचे २ आयन आणि साखरेतील ग्लुकोजचा १ रेणू जोडीनेच आत घेते; त्यांच्यामागोमाग परासरणाने पाणी शिरते. कॉलऱ्यातही हे दार शाबूत राहते. या जोडवाहतुकीची कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचवले. मात्र प्रमाण पाळायलाच हवे. साखर जास्त झाली, तर पाणी उलट आतड्याच्या पोकळीत ओढले जाते आणि जुलाब वाढतात.