वजनाने बांधलेला दाब

नळांतून खेळवलेल्या पाण्याच्या बळावर यंत्रे चालवायची, तर दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. पाणी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किती जोराने रेटते तो दाब, आणि ठरावीक वेळात किती पाणी पुढे जाते तो प्रवाह. मात्र दट्ट्याच्या पंपाला या दोहोंची फारकत एकट्याने करता येत नाही, कारण सगळ्या झडपा मिटलेल्या असताना तो चालत राहिला की नळातला दाब चढत जातो आणि चार-सहा झडपा एकदम उघडल्या की तोच दाब कोसळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमधील बंदरांनी या अडचणीवर काढलेला तोडगा इतका साधा होता की त्याची थोरवी सहज नजरेआड होते.

न्यूकॅसलचे विल्यम आर्मस्ट्राँग पेशाने वकील होते. 1846 मध्ये त्यांनी तेथील धक्क्यावर, शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नळावर चालणारी यारी उभारली. परंतु शहराच्या नळातला दाब लोकांच्या वापरानुसार कमीजास्त होतो, आणि जिथे असा नळच नाही तिथे तो मुळापासून निर्माण करावा लागतो. ग्रिम्सबी बंदरात त्यासाठी 94 मीटर उंचीचा विटांचा मनोरा बांधण्यात आला. 1852 मध्ये पुऱ्या झालेल्या आणि इटलीतील सिएना शहराच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर बेतलेल्या या देखण्या वास्तूत सुमारे 61 मीटरवर टाकी होती. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो दाब मिळतो, या हिशेबाने तिथे 6 किलोंच्या आसपास दाब मिळे आणि त्यावर गोदीचे दरवाजे व याऱ्या चालत.

हंबर नदीकाठच्या न्यू हॉलंड येथे मात्र जमीन वाळूची असल्याने असा अवजड मनोरा पेलणे शक्य नव्हते, आणि तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी उंचीचे काम वजनाकडे सोपवले. त्यांच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाबसंचयकात, बिडाच्या उभ्या नळकांड्यात एक दट्ट्या असे आणि दगडगोट्यांनी किंवा भंगार लोखंडाने भरलेली प्रचंड पेटी त्या दट्ट्यावर टांगलेली असे. पंपाचे पाणी खालून शिरले की पेटी वर चढे, आणि यारीची झडप उघडली की ती सावकाश खाली येत पाणी पुढे रेटी. दट्ट्या वर असो वा खाली, वजन तेच आणि क्षेत्रफळ तेच, म्हणून दाबही जवळपास तोच राही. दट्ट्याचा व्यास 45 सेंटिमीटर आणि दाब चौरस सेंटिमीटरला 42 किलो धरला, तर माथ्यावर सुमारे 67 टन वजन लागते. इतके करून 6 मीटरच्या चढउतारात साठते ते जेमतेम 950 लिटर पाणी. हा साठा दिवसभर पुरवण्यासाठी नव्हताच. यारीला काही क्षण एकदम भरपूर पाणी लागते, तेवढी निकड तो भागवी आणि मागाहून पंप आपल्या संथ गतीने ती तूट भरून काढी.

नियंत्रणाची खरी कमाल पेटीच्या माथ्याशी होती. पेटी वरच्या टोकाला पोचली की साखळी किंवा दांडा ओढला जाऊन वाफेच्या इंजिनाची झडप मिटे, आणि पेटी उतरू लागली की ती पुन्हा उघडे. म्हणजे पाण्याच्या मागणीची वर्दी माणसाच्या मध्यस्थीवाचून इंजिनापर्यंत जाई. दाबमापक पाहून पंपाची गती आपोआप कमीजास्त करणाऱ्या आजच्या यंत्रणेचे तत्त्व याहून निराळे नाही. या रचनेत दोषही होता. उतरणारे वजन झडप एकाएकी मिटल्याने थबकले की त्याचा धक्का नळांना बसे, त्यामुळे ठरलेल्या दाबापलीकडे आपोआप उघडणाऱ्या सुरक्षा झडपा बसवाव्या लागत.

उच्च दाबाचा आणखी एक लाभ असा की तेवढीच शक्ती बारीक नळांतून नेता येते. त्याच बळावर पुढे लंडनच्या रस्त्यांखाली अशा नळांचे जाळे पसरले. वॉपिंगचे पंपघर 1890 मध्ये सुरू झाले आणि 1977 पर्यंत चालले. ग्रिम्सबीतही 1892 मध्ये थोरल्या मनोऱ्याशेजारी, त्याच्या एक-तृतीयांशाहून कमी उंचीचा, वजनाच्या दाबसंचयकाचा मनोरा उभा राहिला, आणि 61 मीटरवरच्या टाकीचे काम त्याच्याकडे गेले.