वाऱ्याचें यंत्र आणि तेलाची रेघ

यंत्रांचा इतिहास लिहिण्याची एक ठराविक रीत पडून गेली आहे. शोध कोणीं लावला, शर्यत कोणीं जिंकली, वेग किती झाला, एवढें सांगितलें कीं इतिहास सांगून झाला असें आपण समजतों. राजांच्या इतिहासांत लढाया येतात आणि फौजेला दाणावैरण पोंचविणारे येत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार. आज आम्ही वाचकांपुढें अशाच एका यंत्राची हकीकत ठेवणार आहों. परंतु तिचा शेवट जिंकलेल्या शर्यतीनें न होतां पेलाभर तेलानें होणार आहे.

लोहार भाता मारतो तो विस्तवाला हवा मिळावी म्हणून. मोटारीच्या इंजिनांतहि तोच न्याय आहे. दट्ट्या खालीं उतरतांना जेवढी हवा आंत ओढली जाईल तेवढ्याच मानानें पेट्रोल जळणार. मात्र हवा बळानें आंत कोंबली तर पेट्रोलहि अधिक जाळतां येतें आणि त्याच आकाराचें इंजिन अधिक शक्ति देऊं लागतें. हें कोंबण्याचें काम करणारें यंत्र तें सुपरचार्जर. तो इंजिनाचा भाताच होय.

या भात्याचा एक प्रसिद्ध प्रकार मोटारीहून जुना आहे. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत कॉनर्सव्हिल म्हणून गांव आहे. तेथें फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंची लोकरीची गिरणी होती. गिरणीच्या पाणचक्कीची सुधारणा करतां करतां त्यांच्या हातून असें एक यंत्र घडलें कीं, तें पाण्यापेक्षां वारा लोटण्याच्याच कामीं अधिक पडावें, अशी कथा सांगतात. १८६० सालीं त्यांनीं त्याचें पेटंट घेतलें आणि तें लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालूं लागलें. त्याची रचना साधी, पण मोठी नाजूक आहे. एका बंद पेटींत दोन जाडजूड रोटर उलट दिशांनीं फिरतात आणि एकाच्या फुगवट्या दुसऱ्याच्या खोलगटींत येतात. तरी ते एकमेकांस कधीं शिवत नाहींत. दोहोंमध्यें जेमतेम केंसाएवढें अंतर असतें. तें अंतर राखण्याचें काम त्यांच्या आंसांवर बसविलेल्या, परस्परांत गुंतलेल्या दोन दांतेरी चाकांचें. रोटरांची पेटी कोरडी, चाकांची पेटी तेलकट, आणि या दोहोंमध्यें सीलचा पडदा, ही व्यवस्था वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे.

मोटारींत या यंत्राला मान मिळाला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९२१ सालीं मर्सिडीजनें बर्लिनच्या प्रदर्शनांत सुपरचार्जरच्या गाड्या मांडल्या. १९२३ सालीं माँझा येथें फियाटनें इटलीची ग्रां प्री जिंकली, आणि या जातीच्या शर्यतींत सुपरचार्जरच्या गाडीला आलेलें तें पहिलें यश होय. पुढें इंग्लंडांत बर्किननें बेंटले गाडीच्या अगदीं तोंडाशीं असें यंत्र बसवून घेतलें. स्वतः बेंटले यांना ही कल्पना मुळींच रुचली नव्हती. १९३० सालीं पो येथील फ्रेंच ग्रां प्रींत ती गाडी दुसरी आली, पण ल मांची कठीण शर्यत तिला कधींच जिंकतां आली नाहीं. वेग विकत घेतां येतो, टिकाव घेतां येत नाहीं, हा धडा तेव्हांच मिळाला होता.

यानंतर कथेला अनपेक्षित वळण लागतें. १९३८ सालीं जनरल मोटर्सनें ‘७१’ मालिकेचीं डिझेल इंजिनें काढलीं. प्रत्येक सिलिंडर ७१ घन इंचांचा म्हणून हें नांव. सहा सिलिंडरांचें तें ‘६-७१’. हीं इंजिनें दोन ठोक्यांचीं असल्यामुळें त्यांना स्वतः श्वास घेतां येत नाहीं. जळालेला वायु बाहेर लोटून ताजी हवा आंत भरण्यास त्यांना रूट्सचें यंत्र लागतेंच. म्हणजे येथें तें शर्यतीचें शस्त्र नव्हतें, इंजिनाचें फुप्फुस होतें. दुसऱ्या महायुद्धांत हीं इंजिनें सैन्य किनाऱ्यावर उतरविणाऱ्या होड्यांत बसलीं आणि जोडीजोडीनें शर्मन रणगाड्यांच्या एका जातींतहि बसलीं. युद्ध संपलें तेव्हां हा माल अमेरिकेंत स्वस्तांत मिळूं लागला.

दक्षिण कॅलिफोर्नियांत म्युरॉक आणि एल मिराज येथें कोरड्या तलावांचीं विस्तीर्ण, सपाट मैदानें आहेत. तेथें जुन्या फोर्ड गाड्या सोलून, हलक्या करून पळविणाऱ्या तरुणांची जमात युद्धापूर्वींच तयार झाली होती. अशा गाडीला ‘हॉट रॉड’ हें नांव पडलें. युद्धानंतर या मंडळींनीं डिझेल इंजिनाचें फुप्फुस काढून आपल्या गाडीच्या पेट्रोल इंजिनावर बसविलें. या कामाच्या अग्रेसरांत बार्नी नव्हारो यांचें नांव घेतात. त्यांनीं फोर्डच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर लहानसें ‘३-७१’ यंत्र चढविलें. पुढें इंजिनाच्या माथ्यावर बसलेली ती उंच पेटी आणि तिला फिरविणारा रुंद पट्टा हीच हॉट रॉडची ओळख होऊन बसली. आजच्या टॉप फ्युएल शर्यतींत गाड्या हजार फुटांचें अंतर चार सेकंदांच्या आंत कापतात. त्यांच्याहि माथ्यावर याच वंशाचें यंत्र असतें. त्याला ‘१४-७१’ म्हणतात, परंतु त्या नांवाचें डिझेल इंजिन कधीं झालेंच नाहीं. घराणें बुडालें, आडनांव राहिलें!

आतां तेलाकडे वळूं. डिझेल इंजिनांत असतां या यंत्राला तेलाची चिंता नव्हती. इंजिनाचेंच तेल वाहत येऊन दांतेरी चाकांना भिजवी आणि परत इंजिनांत जाई. एकत्र कुटुंबांतील मुलाला दोन वेळचें ताट कोठून येतें हें विचारावें लागत नाहीं, तसेंच तें होतें. हॉट रॉडवाल्यानें यंत्र उचललें तें शक्तीसाठीं. त्याबरोबर तेलाचा हा अखंड ओघ तुटला. नव्या घरीं चाकांच्या पेटींत थोडेंसें दाट तेल भरून ठेवावयाचें आणि तेवढ्यावर निभवावयाचें, अशी व्यवस्था आली. पेटीला एक लहान कांच बसविली. इंजिन बंद करून गाडी सपाट जागीं उभी करावी आणि तेल कांचेच्या मध्यावर आहे किंवा नाहीं तें पाहावें, एवढाच विधि.

तेल कमी पडलें तर चाकें तापतात, दांते झिजतात आणि रोटरांचा मेळ चुकतो. मग जे रोटर कधीं शिवावयाचे नाहींत ते एकमेकांवर घांसूं लागतात आणि त्यांचा कीस थेट इंजिनाच्या पोटांत जातो. यावरून ‘तेल थोडें अधिकच असलेलें बरें’ असें कोणासहि वाटेल. पण तीहि चूकच. भरपूर तेलांत बुडालेलीं चाकें तें घुसळतात; त्याला फेंस येतो, तें तापतें आणि सीलच्या पलीकडे वाट शोधूं लागतें. समईंत तेल ओतून वात बुडविली तर ती विझते, हें ज्या घरांत ठाऊक आहे तेथें याचें अधिक विवरण नको. शिवाय चालकानें पाय उचलला कीं रोटरांच्या पेटींतील हवा विरळ होते आणि तेल तिकडे ओढलें जातें. हें तेल जमिनीवर सांडत नाहीं, इंजिनांत जाऊन जळतें. निळसर धुराखेरीज त्याचा मागमूस राहत नाहीं. म्हणून जमीन कोरडी पाहून निश्चिंत बसणारा फसतो. कांच पाहणें हाच एक उपाय.

या साऱ्या हकीकतींत आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट हीच. दुसऱ्याच्या घरची शक्ति उचलून आणणें सोपें असतें. त्या घरांत तिची निगा कोण, कशी राखीत होतें, तें मात्र दिसत नाहीं, म्हणून तें आपण आणीत नाहीं. यंत्रांबद्दल जें खरें तेंच संस्थांबद्दल आणि विद्यांबद्दल खरें आहे. पश्चिमेकडून विद्यापीठें, कायदे आणि सभागृहें उचलणाऱ्या आम्हां इंग्रजी शिकलेल्यांना तर हें विशेषच लागू पडतें. आम्हीं आकार आणला, वेगहि आणला. परंतु जें तेल तेथें अदृश्यपणें वाहत होतें, तें येथें आपल्या हातानें भरावें लागेल आणि त्याची पातळी रोजच्या रोज पाहावी लागेल, याची जाणीव आम्हांपैकीं कितीजणांनीं ठेवली?

शर्यतीच्या दिवशीं लोक पट्ट्याचा आवाज ऐकतात आणि जिंकणाऱ्याचें नांव लक्षांत ठेवतात. त्याच्या आदल्या संध्याकाळीं दिवा धरून, वांकून, त्या इवल्याशा कांचेंत तेलाची रेघ शोधणारा मनुष्य कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. इतिहासानें त्यालाहि एक ओळ द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.